उपग्रहाची वर्गवारी किलोवर की मापावर?

धागाकर्ता: 1 किलोच्या आत पिको, 1 ते 10 नॅनो, 10 ते 100 मायक्रो, 100 ते 500 मिनी. हा तक्ता आता बाजूला ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' घ्या: 10 सेंमीचा घन (हेच 1यू माप), 990 ग्रॅम, जून 2016 मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटवरून गेला. तक्त्याप्रमाणे तो पिको. त्याच सांगाड्यात 20 ग्रॅमचा कंस वाढवला असता तर नॅनो! इस्रोचा आयएनएस-1बी 9.7 किलोचा म्हणून नॅनो, आणि एसएसएलव्ही-डी2 या छोट्या रॉकेटवरचा जानस-1 हा 6यू क्यूबसॅट (असे सहा घन जोडलेला उपग्रह) 10.2 किलोचा म्हणून मायक्रो. अर्ध्या किलोनं अभियांत्रिकी बदलत नाही. सरळ 1यू, 3यू, 6यू म्हणा.

प्रक्षेपणगणित: असहमत. रॉकेट किलो उचलतं, लिटर नाही. एसएसएलव्हीची क्षमता 500 किमीच्या कक्षेत 500 किलो अशीच सांगतात. फेब्रुवारी 2017 मध्ये पीएसएलव्ही-सी37 नं 104 उपग्रह नेले. तिथे 104 पेक्षा एकूण 1378 किलो हा आकडा महत्त्वाचा. आणि 'यू' म्हणजे नुसता डबा. एका यूची मर्यादा आधी 1 किलो होती, मग 1.33, आता 2. त्यामुळे 3यू ऐकून तो 3 किलोचा की 6 किलोचा, काय कळणार?

धागाकर्ता: एकूण भार रॉकेटवाले बघतीलच. उपग्रह अडकतो तो डिप्लॉयरमध्ये, म्हणजे त्याला स्प्रिंगनं बाहेर ढकलणाऱ्या पेटीत, आणि तिथे मिलिमीटर बोलतात. चार कोपऱ्यांच्या रेल (उपग्रह ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या) किमान 8.5 मिमी रुंद, बाजू 100 मिमी, सूट 0.1. रेलच्या पातळीबाहेर 6.5 मिमीपेक्षा जास्त काही यायचं नाही. सौर पॅनेलच्या कडेची वायर फुगली किंवा कॅप्टॉन टेपचं (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचं) टोक सुटलं, तर स्प्रिंगच्या रेट्यानं ते भिंतीला घासतं. रेल हार्ड ॲनोडाइझ करतात (त्यांवर कठीण ऑक्साइडचा थर चढवतात) तेही उपग्रह अडकू नये म्हणूनच: उघडं ॲल्युमिनियम निर्वातात डिप्लॉयरच्या धातूला चिकटू शकतं. हलका उपग्रह मापात चुकला तर बाहेरच पडणार नाही.

कोरडं_वस्तुमान: तुम्ही दोघंही इंधन विसरताय. मंगळयान उड्डाणाच्या वेळी 1337 किलो, त्यात 852 किलो इंधन. इंधनासकट मोजलं तर 'मोठं' यान, कोरडं मोजलं तर 500 च्या आत, म्हणजे 'लहान'. कुठलं वस्तुमान ते न लिहिता वर्ग लावणं चूकच.

प्रक्षेपणगणित: हे पूर्ण मान्य. पण हा दोष अर्धवट नोंदीचा आहे, किलोचा नव्हे.

रडारनजर: माप सोडून चालणार नाही, याचं उदाहरण जानेवारी 2018 चं आहे. पीएसएलव्ही-सी40 वरून स्पेसबी नावाचे चार उपग्रह गेले, प्रत्येकी 10×10×2.8 सेंमी. 2.8 सेंमीची बाजू जमिनीवरच्या रडारना नीट दिसणार नाही, म्हणून अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेनं परवानगी नाकारली होती. तरी ते सोडले, आणि कंपनीला 9 लाख डॉलर भरावे लागले. अडलं होतं मापावर. खालच्या कक्षेत विरळ हवेचा रोध असतो, तिथे तर किलो भागिले समोरचं क्षेत्रफळ हेच खरं. 10 किलोचा 6यू अरुंद तोंडानं चालला तर दर चौ.मी. 500 किलो, रुंद अंगानं चालला तर 167. त्याच उपग्रहावर तिप्पट रोध, म्हणजे तो तितका लवकर खाली येणार.

धागाकर्ता: मग पॅनेल मिटलेली असतानाचं आणि उघडल्यानंतरचं, दोन्ही मापं लागतील. डिप्लॉयरला मिटलेलं हवं, रोधाला उघडलेलं.

प्रक्षेपणगणित: लिहा ना दोन्ही. पण आधी उड्डाणवेळचे किलो, मग कोरडे. माझा क्रम तोच राहील.