जुनी पेट्रोल गाडी इथेनॉलवर चालवलीत का? अनुभव लिहा

माझगाव (धागा काढणारी)

बाबांची पेट्रोल जीप आहे, मागे हौदा बसवून घेतलेली. हरिकेन इंजिन, २१९९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग). तीस वर्षं तिने भाऊच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या वाहिल्या. शेजारच्या सगळ्यांनी डिझेल इंजिनं बसवली, पण बाबांनी पेट्रोल सोडलं नाही. आता पंपावर मिळतं तेच ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. मार्च २०२४ मध्ये पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर इथेनॉल १००, म्हणजे जवळजवळ निव्वळ इथेनॉल आलं, त्यात महाराष्ट्रही आहे. तेव्हापासून डोक्यात आहे की हिला पूर्णच इथेनॉलवर न्यावं. ऐकीव नको, ज्यांनी हात काळे केलेत त्यांनी लिहा. काय बिघडलं तेही लिहा.

भांडुप

माझी ओम्नी, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. मी काही बदललं नव्हतं, ई-२० आपोआप पोटात गेलं. पहिल्या महिन्यात दोनदा रस्त्यात बंद पडली, दोन्ही वेळा फिल्टर चोंदलेला. टाकीत वर्षानुवर्षं साठलेला चिकट थर इथेनॉलने सोडवला आणि तो सगळा पुढे आला. तिसरा फिल्टर टाकल्यावर ते थांबलं. मग एके सकाळी गाडीखाली पेट्रोलचा वास. गाडीच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फुगून मऊ पडला होता, होजला बोट लावलं तर काळं होत होतं. १ एप्रिल २०२३ पासून येणाऱ्या गाड्यांचे भाग ई-२० सोसतील असेच बनवतात, पण आपल्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या. होज मागताना 'व्हायटॉनचा द्या' असंच सांगा, ते रबर इथेनॉल सोसतं. दुकानदार 'सगळं सारखंच' म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

गिरगाव

आमची पद्मिनी चाळीच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली असते. गेल्या पावसाळ्यात अर्धी टाकी भरून ठेवली ही माझी चूक. सप्टेंबरात ती चालूच होईना. मेकॅनिककाकांनी टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत थोडं काढलं, तर बाटलीत सरळ दोन थर. वर पेट्रोल, खाली इथेनॉल आणि पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोघं मिळून खाली बसतात. गाडी तळातूनच ओढते, म्हणजे इंजिनला मिळतं ते पाणीच. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही (वेळेआधी न पेटण्याची क्षमता) घसरलेला असतो. आता मे संपायच्या आत टाकी रिकामी करते, किंवा गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावते. आत हवा जितकी कमी, तितकी ओल कमी.

कुर्ला

मी गॅरेजवाला. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर जेटपासून, म्हणजे कार्बोरेटरमधल्या इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या नळीपासून सुरू होतं. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेला दीडपटीच्या आसपास इंधन द्यावं लागतं. इथे लोक चुकतात, छिद्राचा व्यासच दीडपट करतात. वाहणारं इंधन छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतं, त्यामुळे व्यास वीस-बावीस टक्के वाढवला की पुरतो. १३० चा जेट असेल तर १५५ ते १६०. आयडलचा (गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणारा) जेट विसरू नका, नाहीतर सिग्नलला गाडी बंद पडते. एका गिऱ्हाईकाने मेन जेट न बदलता नुसतंच इथेनॉल भरलं होतं. प्लग खडूसारखे पांढरे झाले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला.

इथेनॉल नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) लवकर करत नाही, म्हणून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चार-पाच अंश पुढे घेता येतं. ताकद तिथेच परत मिळते. मायलेज मात्र पडणारच, कारण लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी असते.

आणि एक. शुद्ध इथेनॉलची ज्वाला निळसर असते, उन्हात दिसत नाही. दुपारी बाकावर थोडं सांडलं होतं, ते पेटलंय हे मला हाताला चटका बसल्यावरच कळलं. काम करताना आग विझवायचं सिलिंडर जवळ ठेवा. ही गोष्ट मी पोरांना रोज सांगतो.

मुलुंड

नोकरीनिमित्त दोन वर्षं ब्राझीलमध्ये होतो. तिथे १९७५ मध्ये सरकारी अल्कोहोल कार्यक्रम सुरू झाला आणि १९७९ मध्ये फियाट १४७ इथेनॉलवर बाजारात आली. घरमालकांकडे त्या काळातली गाडी होती, बॉनेटखाली पेट्रोलची छोटी वेगळी टाकी. थंडीत आधी त्यातून पेट्रोल शिंपडायचं, मग इंजिन पकडायचं. साधारण १३ अंशांच्या खाली इथेनॉलची पुरेशी वाफच होत नाही. मुंबईत ती टाकी लागणार नाही, जानेवारीच्या पहाटेही चोक ओढून थोडं थांबलं की भागेल.

गिरगावच्या ताईंना सांगायचंय ते असं, की थर वेगळे होणं ही मिश्रणाची अडचण आहे. इथेनॉल आणि पाणी एकमेकांत पूर्ण मिसळतात, म्हणून जवळजवळ शुद्ध इथेनॉलमध्ये थर पडत नाहीत. तिथल्या पंपावरच्या इथेनॉलमध्ये थोडं पाणी असतंच आणि गाड्या धावतात. पण तेच पाणी धातू खातं. जुन्या टाकीला आतून शिसं-कथिलाचा मुलामा असेल तर तो टिकत नाही, कार्बोरेटरमधलं जस्तही पांढरं पडतं.

माझगाव

कालपासून दोनदा वाचून काढलं. मी कार्बोरेटरच्याच मागे होते, टाकीचा विचारच केला नव्हता. आज टॉर्च घालून आत पाहिलं तर तळाला पापुद्रे सुटलेले दिसले. तेव्हा आधी टाकी, होज, डायफ्राम आणि फ्लोटचं पॅकिंग, जेट नंतर. इंधन बदललं की आरसीवर नोंद लागते, म्हणून आरटीओत विचारल्याशिवाय ती रस्त्यावर येणार नाही.

शनिवारी टाकी उतरवतेय. कुर्ल्याच्या दादा, स्टीलची नवी बनवून घ्यावी की जुनीच आतून साफ करून वापरावी? जुनीवर बाबांनी स्वतः डाग दिलेत, म्हणून विचारतेय.