शब्दचर्चा: फॅट ग्राफ्टिंग, आणि त्याच्या 'गाइडलाइन्स'ना मराठीत काय म्हणावं?

ओलांडणी:
एका आरोग्यविषयक मासिकासाठी तुलनात्मक लेख लिहिते आहे. विषय फॅट ग्राफ्टिंग. पोटाची किंवा मांडीची चरबी नळीने ओढून काढायची, स्वच्छ करायची आणि त्याच माणसाच्या चेहऱ्यात, स्तनात किंवा नितंबात सोडायची. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संस्थांनी याबद्दल काय सांगितलंय ते शेजारी-शेजारी मांडायचंय. दोन ठिकाणी अडलंय. एक, ग्राफ्टिंगला कलम म्हणू, रोपण की प्रत्यारोपण? दोन, गाइडलाइन, गाइडन्स, स्टेटमेंट, रूल या सगळ्यांना मी सरसकट 'मार्गदर्शक तत्त्वे' लिहिलंय. संपादकांना चालतंय, मला खटकतंय.

टाकेबिके:
प्लास्टिक सर्जन आहे, म्हणून बोलतो. 'प्रत्यारोपण' नको. तो शब्द ऐकला की नातेवाईक विचारतात, दाता कोण? इथे चरबी स्वतःचीच असते. शिवाय मूत्रपिंड बसवताना रक्तवाहिन्या जोडतात, इथे काहीच जोडत नाहीत. सोडलेल्या चरबीच्या कणांनी आजूबाजूच्या ऊतींवर जगायचं, नवीन रक्तवाहिन्या येईपर्यंत तग धरायचा. काही जगते, काही शरीर शोषून घेतं. किती टिकेल ते आधी छातीठोक सांगता येत नाही. त्यामुळे 'त्वचारोपण' रुळलाय तसा 'मेदरोपण' मला बरा वाटतो. ओपीडीत मात्र मी 'चरबी भरणं' म्हणतो. अर्थात त्यात एक गोची आहे, भरलं की तेवढंच राहणार असं ऐकणाऱ्याला वाटतं.

जुना प्रूफवाला:
'कलम' तर मुळीच नको. तुमच्या लेखात नियम येणार, नियमांत कलमं येणार. 'चरबीच्या कलमाबाबतचे कलम' असं वाक्य माझ्या टेबलावर आलं असतं तर मी राजीनामा दिला असता.

कोरा कागद:
'वसारोपण' कसं वाटतं? हिंदीत वसा सर्रास चालतो.

टाकेबिके:
इथे तरी नको, आणि कारण मजेशीर आहे. सुश्रुताने मेद आणि वसा वेगळे सांगितलेत. शुद्ध मांसातला स्नेह म्हणजे वसा. आता नितंबाच्या शस्त्रक्रियेतला सगळा धोका नेमका तिथेच आहे. चरबी स्नायूत किंवा त्याच्या खाली गेली आणि तिथली मोठी शीर फाटली, तर चरबी थेट हृदयाकडे आणि फुप्फुसात जाते, माणूस टेबलावरच दगावू शकतो. २०१७ साली एका अमेरिकी अभ्यासगटाने ३,००० शस्त्रक्रियांमागे १ मृत्यू, इतका वाईट अंदाज काढला होता. म्हणून आता सगळ्यांचं सांगणं एकच: त्वचेखाली राहा, स्नायूत शिरू नका. त्या क्रियेला 'वसा' म्हणणं म्हणजे बरोब्बर उलटं नाव ठेवणं.

जुना प्रूफवाला:
वा! आता दुसऱ्या प्रश्नाकडे. 'मार्गदर्शक तत्त्वे' म्हटलं की मराठी वाचकाला राज्यघटनेचा चौथा भाग आठवतो. तिथली तत्त्वं न्यायालयातून अंमलात आणता येत नाहीत. म्हणजे या शब्दालाच 'पाळलीत तर बरं' असा रंग आहे. ओलांडणी, तुमच्या यादीतली सगळी कागदपत्रं त्या रंगाची आहेत का?

ओलांडणी:
नाहीत, तीच तर अडचण आहे. नितंबांचंच घ्या. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या सौंदर्यशल्यचिकित्सकांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना ही शस्त्रक्रिया तूर्त थांबवा, असा सल्ला दिला. सल्लाच, कायदा नव्हे. २०२२ मध्ये त्यांनी नवी भूमिका मांडली: फक्त वरच्या थरात, आणि सोनोग्राफीत बघत बघत. फ्लोरिडात मात्र २०१९ मध्ये वैद्यक मंडळाने तातडीचा नियमच काढला की चरबी फक्त त्वचेखाली सोडायची, स्नायूचं आवरण ओलांडायचं नाही. पुढे २०२२ मध्ये सोनोग्राफीची सक्ती आणि एका सर्जनला दिवसाला तीनच शस्त्रक्रिया अशी मर्यादा आली. वैद्यकीय मजकूर जवळजवळ सारखा. पण एकीकडे ऐकलं नाही तर संघटना नाराज, दुसरीकडे परवान्यावर गदा.

जुना प्रूफवाला:
मग फ्लोरिडाला 'नियम', ब्रिटिशांना 'मार्गदर्शक सूचना', आणि २०१८ च्या त्या कागदाला 'सदस्यांना सल्ला'. 'तत्त्वे' राखून ठेवा.

ओलांडणी:
राखावीच लागतील. कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतरच्या मेदरोपणाबद्दल अमेरिकी प्लास्टिक सर्जन संघटनेचा २०१५ चा एक कागद आहे, त्याच्या नावातच 'गायडिंग प्रिन्सिपल्स' आहे! सगळ्यांनाच तत्त्वे म्हटलं तर याला काय म्हणणार होते?

कोरा कागद:
संज्ञा ठरल्या. क्रियापदांचं काय? तुलनेत खरी भानगड तिथे असते.

जुना प्रूफवाला:
अगदी. आपल्याकडे पायऱ्या उत्तम आहेत: करायला हरकत नाही, करावे, केले पाहिजे, करणे बंधनकारक आहे. घोळ सरकारी मराठीने घातलाय. 'अर्ज दोन प्रतींत सादर करावा' ही शिफारस नसते हो, हुकूम असतो! परिपत्रकं वाचून वाढलेला माणूस 'करावे'ला आज्ञाच समजणार. म्हणून माझा आग्रह असा की शिफारस असेल तिथे 'शिफारस' हा शब्दच वाक्यात आणा, 'करावे'वर विसंबू नका.

ओलांडणी:
यातही एक खोच आहे. ब्रिटनची 'नाइस' ही कोणते उपचार करावेत याच्या शिफारशी काढणारी संस्था आपल्या गाइडलाइन्समध्ये 'ऑफर' आणि 'कन्सिडर' ही क्रियापदं ठरवून वापरते. पुरावा भक्कम असेल तर ऑफर, कमी खात्री असेल तर कन्सिडर. शब्दशः केलं तर 'देऊ करावे' आणि 'विचार करावा'. मराठीत 'देऊ करणे' ऐच्छिक वाटतं, म्हणजे जोरच उलटा.

कोरा कागद:
आणि आपल्याकडे 'विचार करू' म्हणजे नकार.

टाकेबिके:
त्याच संस्थेचा मेदरोपणावरचा कागद जपून वाचा, तो वेगळ्या मालिकेतला आहे. जानेवारी २०१२ चा, कर्करोगाच्या उपचारानंतर स्तन घडवण्याबद्दलचा. तिथे 'नॉर्मल अरेंजमेंट्स' असा वाक्प्रयोग आहे. एका भाषांतरात मी 'ही सामान्य शस्त्रक्रिया आहे' वाचलं आणि कपाळाला हात लावला. अर्थ असा की रुग्णालयात संमती, नोंदी, परीक्षण यांची नेहमीची व्यवस्था पुरेशी आहे, वेगळा बंदोबस्त नको. तारखाही ठळक द्या. १९८७ मध्ये अमेरिकी संघटनेच्या समितीने स्तनात चरबी सोडण्याला कडाडून विरोध केला होता, कारण तिथे होणाऱ्या कॅल्शियमच्या गाठींमुळे कर्करोग ओळखता येणार नाही ही भीती. २००९ च्या अभ्यासगटाने सावधपणे दार उघडलं. या दोन कागदांना एकाच रकान्यात 'अमेरिकेचे मत' म्हणून घालू नका.

ओलांडणी:
शेवटचं एक. 'मिनिमल मॅनिप्युलेशन'ला 'किमान हाताळणी' लिहू?

टाकेबिके:
हाताळणी म्हणजे हात लावणं वाटतं. अमेरिकी औषध प्रशासनाच्या लेखी प्रश्न असा की ऊतीचा मूळ गुणधर्म बदलला का. चरबी धुतली, गाळली तर तो बदलत नाही. विकरांनी (एन्झाइम्सनी) विरघळवून त्यातल्या पेशी वेगळ्या काढल्या की मामला औषधाच्या नियमांत जातो. 'किमान प्रक्रिया' लिहा. आपल्याकडे २०१७ च्या मूलपेशी संशोधनाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हीच संज्ञा आहे, दोन्हीकडे एकच शब्द वापरा.

जुना प्रूफवाला:
'प्रक्रिया' तुमच्या लेखात 'शस्त्रक्रिया' आणि 'कार्यपद्धती' या अर्थांनीही येणार. मी 'किमान संस्करण' सुचवतो.

टाकेबिके:
प्रूफकाका, संस्करण म्हणजे आवृत्ती हो!

जुना प्रूफवाला:
ते हिंदीत.