नीना की फँटसी? लोकलला कुठला सेंट, लग्नाला कुठला?

मोगरावेडी:
धाकट्या नणंदेने दुबईहून नीना रिचीचा 'नीना' सेंट आणला, तो लाल सफरचंदासारख्या बाटलीतला. आणि भाचीने स्वतःला कंटाळा आल्यावर ब्रिटनी स्पिअर्सचा 'फँटसी' माझ्या गळ्यात मारला. दोन्ही गोड, दोन्ही फळांचे. माझी रोजची सकाळची लोकल, मग दिवसभर एसी. शिवाय मे महिन्यात पुतण्याचं लग्न, तेही नागपुरात! काल फँटसीचे चार फवारे मारून लेडीज डब्यात चढले, तर शेजारची म्हणते, "केक नेताय का हो?"

अत्तरदाणी:
शेजारीण बरोबर बोलली. फँटसीत (२००५) लिची-किवी नावाला; मधोमध कपकेक आणि पांढरं चॉकलेट ठाण मांडून बसलंय. नीना (२००६) लिंबाने सुरू होतो, मग पाकातलं सफरचंद, खाली देवदाराचं लाकूड. त्या लिंबामुळे आणि लाकडामुळे तो गोड असूनही अंगावर येत नाही.

अशा गोड सेंटांत बहुतेकदा इथाइल माल्टॉल असतं. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास आठवा, तेच ते. म्युग्लेरच्या 'एंजल' सेंटने (१९९२) ही लाट आणली. त्यामागचा सेंट घडवणारा ऑलिव्हिए क्रेस्प नीनाच्याही मागे आहे, झाक कावालिएबरोबर. आणि फळं आधी उडतात, साखर मागे राहते. उकाड्यात तर जास्तच जाणवते. म्हणून दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच पैसे काढू नयेत, तासभर मनगटावर ठेवून फिरावं. मी स्वतः एकदा घाईत घेतलेली बाटली अजून कपाटात आहे.

ऑफिसला नीना, एकच फवारा, तोही कपड्याच्या आत पोटावर. फँटसी पावसाळी संध्याकाळी किंवा डिसेंबरात, गप्पांच्या बैठकीला. डब्यात नको, लोकांना भूक लागते.

विदर्भकन्या:
मे महिन्यात नागपूर आणि फँटसी? अहो, दुपारी ४५ अंश असतं! दिवसा वाळ्याचं अत्तर लावा, कानामागे, काडीभर. रात्री रिसेप्शनला नीना चालेल. पण गजरा माळणार असाल तर तोही नको, मोगरा आणि नीनातलं प्रालिन (पाकातल्या सुक्यामेव्याचा गोड वास) एकमेकांचं ऐकत नाहीत. आणि सेंट पैठणीवर कधीच मारू नका, रेशमावर डाग पडतो, जरतार काळी पडू शकते.

मोगरावेडी:
पैठणीचं आत्ता सांगताय! परवा कसा वाटतो बघू म्हणून पदरावरच फुसफुसवलाय. बघते जाऊन.