कार्गो की रिजनल पॅसेंजर? दोन्ही ऑफर हातात आहेत आणि डोकं चालेनासं झालंय

पहिली_सोलो:

नमस्कार मंडळी. इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवत शिकवत १३०० तास पूर्ण केले आणि आता एकाच आठवड्यात दोन ऑफर आल्यात. एक कार्गो फीडरची (छोट्या विमानतळांवर माल पोचवणारी), सेसना कॅरॅव्हॅन हे छोटं विमान, सिंगल पायलट, पहिल्या दिवसापासून पीआयसी, म्हणजे विमानाची जबाबदारी माझी. दुसरी रिजनल (जवळच्या पल्ल्याच्या) एअरलाइनची, एटीआर ७२ हे प्रवासी विमान, राइट सीट म्हणजे को-पायलट, दिवसाला चार ते पाच सेक्टर, म्हणजे उड्डाणं. पगारात फार फरक नाही म्हणून तो मुद्दा बाजूला ठेवते. पुढे जाऊन मला मोठ्या जेटवर जायचंय हे नक्की, पण ते पॅसेंजर असेल की फ्रेटर (मालवाहू) याबद्दल माझा आग्रह नाही.

जो भेटतो तो वेगळं सांगतो. एक जण म्हणतो कार्गोत शांतता असते, मागून कोणी तक्रार करत नाही, तर दुसरा म्हणतो रात्रपाळीत आयुष्य जाईल, त्यापेक्षा एअरलाइनमध्ये जा आणि सिनियॉरिटी नंबर (ज्येष्ठतेच्या यादीतला क्रमांक) घे. माझी खरी भीती वेगळी आहे, मी आजवर स्टुडंटशेजारी बसूनच उडवलंय, खराब हवेत एकटीने निर्णय घ्यायची वेळ फार कमी आली, आणि दुसऱ्या अनुभवी पायलटसोबत क्रू म्हणूनही कधी काम केलेलं नाही. म्हणजे दोन्हीकडे मी कच्चीच. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा.

उत्तररात्र:

दोन वर्षं कॅरॅव्हॅनवर फीडर केलं आणि आता बरीच वर्षं फ्रेटर जेटवर आहे, तेव्हा दोन्ही कार्गोंबद्दल सांगतो, कारण लोक या दोन नोकऱ्या एकच समजतात आणि तिथेच घोळ होतो. फीडर म्हणजे रात्रपाळी नव्हे. मोठी जेटं रात्री हबला (मुख्य विमानतळावर) जमतात, माल सॉर्ट होतो, पहाटे ती बाहेर पडतात आणि मग फीडरवाला सकाळी लवकर माल भरून छोट्या विमानतळावर नेतो, दिवसभर तिथेच थांबतो आणि संध्याकाळी गोळा झालेली पार्सलं घेऊन परत येतो. झोप तुटते ती या दोन टोकांमुळे, पहाटे चारला उठायचं आणि रात्री आठ-नऊला घरी. मधले आठ-नऊ तास ड्यूटी धरतात की रेस्ट हे आधी लेखी विचारून घे. आणि तिथे पडायला अंधारी खोली आहे की नुसतीच प्लास्टिकची खुर्ची, हेसुद्धा विचार, लाजू नकोस.

आता एकटं उडवण्याबद्दल. पहिल्या हिवाळ्यात एकदा ढगात असताना हातातली टॉर्च सारखी पंखाखालच्या स्ट्रटवर (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्यावर) मारत होतो, कारण कॅरॅव्हॅनवर बर्फ धरायला लागलं की तो स्ट्रट लगेच दाखवतो. आधी पांढरी रेघ होती, मग बोटाएवढी जाड झाली, स्पीड दहा नॉट्सने उतरला, पॉवर होती तेवढी लावलेली, आणि बाजूची सीट रिकामी. कंट्रोलरला सांगून खाली उतरलो, गरम हवेत आल्यावर बर्फाचे तुकडे धडाधड सुटले. विमानाला काही झालं नाही, पण खरं तर मी दहा मिनिटं आधीच वळायला हवं होतं आणि ते सांगायला शेजारी कोणी नव्हतं. अशी दोन वर्षं माणसाला खूप शिकवतात, हवा वाचायला शिकवतात, 'नाही जात' म्हणायला शिकवतात. टर्बाइन इंजिनाच्या विमानावरचे पीआयसीचे तास लॉगबुकात दिसतात ते वेगळंच.

जेट कार्गोची रात्र मात्र खरी रात्र. मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे सहा या वेळात शरीर अगदी तळाला असतं, कॉफी प्या नाहीतर काही करा. १४ ऑगस्ट २०१३ ला पहाटे पावणेपाचच्या सुमारास यूपीएस या कुरियर कंपनीचं ए३०० मालवाहू जेट अलाबामातल्या बर्मिंगहॅमला ॲप्रोचवर (उतरायला येताना) रनवेच्या अलीकडेच कोसळलं, दोन्ही पायलट गेले, आणि तपासात इतर चुकांसोबत थकव्याचाही उल्लेख आहे. अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले ते पॅसेंजर एअरलाइन्सना, कार्गोला त्यातून वगळलं. मला या गोष्टीचा आजही राग येतो, झोप काय मागे माणसं आहेत की खोके यावर ठरते का?

चारसेक्टर:

वरच्या दादांचं बरोबर आहे, पण पॅसेंजरवाले म्हणजे निवांत झोपलेले असं कोणी समजू नये. जे विश्रांतीचे नियम त्यांनी सांगितले ते यायला मोठं कारण रिजनलचाच अपघात आहे. १२ फेब्रुवारी २००९, अमेरिकेतल्या कोलगन एअरचं डॅश ८ क्यू४०० विमान बफेलोजवळ ॲप्रोचवर स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) पडलं, जमिनीवरच्या एकासह ५० माणसं गेली. त्यातली को-पायलट आदल्या रात्रभर विमानांनी प्रवास करत सिॲटलहून नेवार्कच्या बेसला पोचलेली, कॅप्टनने रात्र क्रू रूममध्ये काढलेली. म्हणून ताई, बेस कुठे आहे आणि तू राहणार कुठे हा प्रश्न विमानाच्या आधी येतो.

मी एटीआरवर सात वर्षं आहे, आधी राइट सीट, आता कॅप्टन. रिजनलमध्ये काय मिळतं तर हातात विमान सारखं राहतं. पाऊण तासाचा सेक्टर, पंचवीस मिनिटांचा टर्नअराउंड (उतरून परत निघेपर्यंतचा वेळ), त्यात फ्युएल, लोडशीट, बदललेली हवा, व्हीलचेअर उशिरा आली, कोणीतरी चढलंच नाही म्हणून त्याची बॅग उतरवा, आणि दुपारपर्यंत तिसरं लँडिंग. लांब पल्ल्यावरच्या को-पायलटला महिन्यात जेवढी लँडिंग मिळत नाहीत तेवढी इथे काही दिवसांत होतात.

पण मला घडवलं ते शेजारच्या माणसाने. नवीन असताना एकदा ॲप्रोचवर आमचा स्पीड जास्त होता, मी तो बघत होते, पण कॅप्टन खूप सिनियर म्हणून बोलायला घुटमळले. शेवटी 'स्पीड' एवढंच म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथे गो-अराउंड केला (उतरणं सोडून परत वर घेतलं) आणि पार्किंगला इंजिन बंद झाल्यावर म्हणाले, पुढच्या वेळी पाच सेकंद आधी बोल. हे सिंगल पायलट विमानात कुठे शिकणार? मोठ्या जेटच्या सिलेक्शनमध्ये सिम्युलेटरमध्ये बसवतात तेव्हा हेच बघतात, तू बोलतेस का आणि समोरच्याचं ऐकतेस का.

त्रास कसला म्हणाल तर माणसांचा दबाव. धुक्यामुळे दुसरीकडे जाऊन उतरलो की साठ-सत्तर जणांची पुढची फ्लाइट चुकते, आणि दाराशी उभं राहून त्यांच्याकडे बघावं लागतं. निर्णय बरोबर असला तरी ते चेहरे घरापर्यंत सोबत येतात.

पहिली_सोलो:

दोघांचे मनापासून आभार, इतकं खरं कोणी सांगितलंच नव्हतं. एक राहिलं, नोकरी टिकण्याच्या दृष्टीने काय? सगळे म्हणतात कार्गो कधी बंद पडत नाही.

जुनालॉगबुक:

असं काही नसतं. २०२० मध्ये पॅसेंजर विमानं जमिनीवर आली तेव्हा कार्गोवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, कारण एरवी विमानाने जाणाऱ्या मालाचा जवळपास अर्धा भाग पॅसेंजर विमानांच्या पोटातूनच जातो आणि ती जागाच नाहीशी झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या रिजनल बंद पडल्या. पण २०२३ येईपर्यंत प्रवासी परतले होते, मालाची मागणी उतरली होती आणि फ्रेटरच्या पायलटांचे तास कमी व्हायला लागले. दोन्ही धंदे दुसऱ्याच्या करारावर उभे असतात, फीडर कुरियर कंपनीच्या आणि रिजनल बऱ्याचदा मोठ्या एअरलाइनच्या. तो करार किती वर्षांचा उरलाय आणि गिऱ्हाईक एकच आहे का, हे इंटरव्ह्यूतच विचार. बॉण्डचे (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचे) कागद सही करण्याआधी घरी आणून वाच, कंपनी बंद पडली तर बॉण्डचं काय हे त्यात लिहिलेलं असायला हवं.

पहिली_सोलो:

दोन्हीकडे फोन केले. फीडरवाल्यांनी मधल्या वेळाचं उत्तर गोल गोल दिलं, लेखी द्यायला तयार नाहीत. एटीआरचा बेस मी राहते तिथून चाळीस मिनिटांवर आहे आणि बॉण्डचा कागद त्यांनी मागितल्याबरोबर पाठवला. शिवाय आज दिवसभर तो 'पाच सेकंद आधी बोल' डोक्यातून जात नाहीये, मला ते शिकायचंय. एटीआरला हो कळवलं.

उत्तररात्र:

चांगलं केलंस. एक सांगतो, एटीआरही कॅरॅव्हॅनसारखं टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा फिरवणारं) आहे, बर्फातून जाणारं. पहिल्याच हिवाळ्यात कॅप्टनला विचारून घे की या विमानावर बर्फ आधी कुठे दिसतं, एटीआरला कॉकपिटच्या खिडकीबाहेर त्यासाठी एक छोटा प्रोब (बाहेर आलेला दांडा) दिलेला असतो. रात्री त्याच्यावर लाइट असतो, तुला टॉर्च लागणार नाही.