खाडीवरच्या लोखंडी पुलात सगळे त्रिकोणच का?

कळव्याची आई:
आठवीतल्या लेकीला पुलाचं मॉडेल करायचंय. तिनं वसई खाडीवरचा पहिला लोखंडी रेल्वे पूल निवडलाय. दोन गोष्टी अडल्यात: तिरके दांडे इतके का, आणि एवढ्या चिखलात खांब टिकले कसे? तिला समजून घेऊन करायचंय, नुसतं चिकटवायचं नाही.

कोपरीचे काका:
ताई, लेकीचं मनापासून कौतुक. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या पुलांवर गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तिला आईस्क्रीमच्या चार काड्या टाचण्यांनी जोडून चौकोन करायला सांगा. बोटानं ढकलला की लगेच कलेल. तीन काड्यांचा त्रिकोण काडी मोडेपर्यंत हलणार नाही. सगळं मर्म इथंच आहे. गाडी आली की वरचा पट्टा दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि तिरके दांडे तो भार टोकाच्या खांबापर्यंत पोचवतात. त्यामुळे भरीव तुळईपेक्षा कितीतरी कमी लोखंडात काम भागतं.

हा पूल बी.बी.सी.आय. म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा. 1864 मध्ये गुजरातकडून गाडी ग्रँट रोडपर्यंत आली ती हीच खाडी ओलांडून. या रेल्वेचे अभियंते कर्नल केनेडी यांनी वाटेतल्या पुलांना 60 फुटांचे एकसारखे गाळे (दोन खांबांमधले पुलाचे भाग) ठेवले, वॉरन पद्धतीचे, म्हणजे समभुज त्रिकोणांची रांग. भाग विलायतेहून तयार यायचे, इथं जोडायचे. एका पुलाचा तुकडा दुसऱ्या पुलालाही चालायचा. मला तरी ही फार मोठी अक्कल वाटते.

खांब म्हणजे बिडाच्या पोकळ नळ्या. तळाला स्क्रूसारखं रुंद पातं. वर आडवे दांडे लावून नळी फिरवायची, ती गाळात उतरत जायची. मॉडेलमध्ये हे पातं दाखवाच, लोक ते विसरतात.

चेंदणीचा कोळी:
काकांनी नीट सांगितलं. रंग देताना एक बघा: खाडीतलं लोखंड सगळीकडे सारखं गंजत नाही. आमच्या जेटीचा खांब भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पोपडे धरतो, सतत पाण्याखाली असलेला भाग जास्त टिकतो. गंजाचा रंग तेवढ्याच पट्ट्यात द्या.

कळव्याची आई:
काका, दादा, खूप आभार. चौकोन खरंच कलला! ती विचारते, पुलाचे लोखंडी भाग जोडणारा रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेला खिळा, ढिला झालाय हे कळायचं कसं?

कोपरीचे काका:
बेटा, रिव्हेटच्या डोक्याच्या एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूनं छोट्या हातोडीनं टिचकी मारायची. घट्ट असेल तर बोटाला काही जाणवत नाही, ढिला असेल तर थरथर लागते. रिव्हेटच्या कडेनं तपकिरी ओघळ दिसला तरी संशय घ्यायचा. आणि मॉडेलचा गाळा दोन्ही टोकांना चिकटवू नकोस. एकच टोक पक्कं कर, दुसऱ्याखाली पेन्सिलचा गोल तुकडा लोळता राहील असा आडवा ठेव. पहाटेच्या गारव्यापासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत 60 फुटी गाळा पाच-सहा मिलीमीटर वाढतो, त्याला सरकायला जागा लागते.