अनुभव धागा: 'पुढच्या साली पाहू' म्हणत ठेवलेलं काम

खंजिरी (दिग्रसकडची)

बाबांची खंजिरी आतल्या खोलीत खुंटीला टांगलेली असायची. तरुणपणी ते तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जायचे. गावातल्या पोरांना भजनं शिकवायची, बंद पडलेली सामुदायिक प्रार्थना पुन्हा सुरू करायची, हे निदान वीस वर्षं त्यांच्या मनात होतं. आधी विहिरीचं काम निघालं, मग ताईचं लग्न, मग 2017 मध्ये बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. दरवेळी एकच बोल, "पुढच्या साली पाहू." गेल्या अश्विनात बाबा गेले. तेरावं झाल्यावर खंजिरी खाली काढली, तर कातडं एका बाजूनं फाटून आत वळलेलं.

म्हणून हा धागा. हे काम आपलंच आहे हे ठाऊक असूनही ढकलत राहिलात आणि एक दिवस हातात घेतलंत, त्याचं लिहा. फसलं असेल तर तेही लिहा. आनंदवन, हेमलकसा आपल्याच भागातलं, अभिमान आहेच. पण इथं आपापल्या धुऱ्यावरचं, बांधावरचं येऊ द्या.

झालो नाही तलाठी (दर्यापूर तालुका)

वय 33. चार वर्षं पुण्यात, दोन अमरावतीत काढली. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा 38, आमची राखीवची 43. हीच मर्यादा वैरीण. "अजून दहा वर्षं आहेत" म्हणत माणूस कॉटवर लोळत राहतो. गावी परत आलो ते काही ध्येयबिय गवसलं म्हणून नाही. मायचे गुडघे गेले, वेचणीला बाया मिळेनात, म्हणून आलो. पारावर कोणी "कावून भाऊ, कधी लागते नोकरी?" विचारलं की दुसऱ्या दिवशी रस्ता बदलायचो.

2024 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेजारचा पोट्टा पोलीस भरतीची तयारी करत होता. धावायला वाघ, पण टक्केवारी आली की गळपटायचा. वही घेऊन आला. अंगणात कापसाचा ढीग होता आणि खेडा खरेदीवाला नुकताच 6900 सांगून गेला होता. मी म्हटलं, "हमीभाव 7521, हा देते 6900. मंग आपल्याले किती टक्क्यानं कापून राहिला?" त्यानं काडीनं मातीत मांडलं. 621 भागिले 7521. सव्वाआठ टक्के. थोडा वेळ मातीकडंच पाहत राहिला, मग म्हणाला, "भाऊ, वीस क्विंटलमागं बारा हजार चारशे वीस!" त्याला टक्केवारी पुन्हा समजावून सांगावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं आले. ग्रामपंचायतीची जुनी खोली मागितली, तर उत्तर मिळालं, ठराव लागेल, पुढच्या ग्रामसभेत पाहू. त्या 'पाहू'नं डोकं सणकलं. बैल विकल्यापासून आमचा गोठा रिकामाच होता. शेणानं सारवला, सतरंजी टाकली, गव्हाणीत पुस्तकं रचली. आता अकरा जण येतात, त्यात सात पोरी. लागली एकच, वनरक्षक म्हणून. मी मात्र यंदाही फॉर्म भरला आहे, खोटं कशाला बोलू.

कोरडवाहू

हे सगळं पोट भरल्यावरचं आहे, राग नका मानू. सोसायटीचं कर्ज थकलं, सोयाबीन पाण्यात गेलं, पोरीची फी भरायची आहे. सकाळी उठल्यावर लेकरांना बाप घरात दिसावा, एवढाच सध्या माझा उद्देश.

झालो नाही तलाठी

भाऊ, गाडगेबाबांजवळ तरी काय होतं? खराटा अन् फुटकं गाडगं.

कोरडवाहू

बाबांनी 1905 मध्ये घर सोडलं. ऋणमोचनचा घाट झाला, जागोजाग धर्मशाळा झाल्या, मी हात जोडतोच. पण मागं राहिलेल्या कुंताबाईंनी लेकरं कशी वाढवली, यावर कोणी कीर्तन करत नाही.

खंजिरी

याला माझ्याकडं उत्तर नाही. पण येत राहा, भाऊ. फोन करावासा वाटला तर रात्रीही करा, नंबर निरोपात टाकते.

गोळ्यांचा डबा (गोंडपिपरीकडचा)

डी.फार्म. झालं, तालुक्याला मेडिकलवर आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 2006 मध्ये तरुणांसाठी 'निर्माण' सुरू केलं, त्याच्या शिबिराला शोधग्रामला गेलो होतो. वाटलं होतं, तिथं कोणी डोक्यावर हात ठेवून सांगेल, बाबा रे, तुझं ध्येय हे. तसं काही झालं नाही. पण गडचिरोलीतल्या खेड्यांतल्या बाया घरोघरी जाऊन नवजात बाळाचे श्वास मोजतात, मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त भरले तर धोका ओळखतात, हे कळलं आणि माझीच मला लाज वाटली. माझ्या गल्लीत कोण कोणती गोळी कशी खातं, हे मला सांगता आलं नसतं.

आता दर रविवारी पारावर बीपीचं मशीन घेऊन बसतो. म्हातारी माणसं गोळ्यांचे डबे घेऊन येतात. पाकिटावर मी सूर्य नाहीतर चंद्र काढून देतो. एका आजीची महिन्याची गोळी पंधरा दिवसांच्या वर पुरायची नाही. विचारलं तर म्हणाली, "एक मी खातो, एक बुढ्याले देतो. दोघं बी सारखेच थकतो ना बाप्पा." बुढ्याला बीपीचा त्रासच नव्हता. बिचारा चक्कर येते म्हणून दिवसभर खाटेवर पडून असायचा.

अर्ध्या एकराचा धनी

माझं फसलेलं. 2019 ला नागपूरची नोकरी सोडली. 'आता नाही तर कधीच नाही' अंगात भिनलेलं. बेलोऱ्याच्या पाळेकर गुरुजींची नैसर्गिक शेती वाचून काढली अन् पाचही एकरांत एकदम उतरलो. जीवामृत एकराला 200 लिटर: 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, धुऱ्यावरची मूठभर माती. शेणाला एक गाय पुरते, ते खरंच आहे. पुरलो नाही तो मी. दर पंधरवड्याला हजार लिटर ढवळायचं अन् शेतभर न्यायचं, तेवढ्यात श्रावणाची झड लागली, तण गुडघ्याला, निंदणातच पैसा संपला. बायको म्हणाली, "आजच सुरू करा म्हणते, तं काय सारंच आजच करायचं होतं काय?" आता अर्धा एकर करतो. बाकी ठोक्यानं दिलं आहे.

सूनबाई (बार्शीटाकळीकडची)

सासूबाई सांगून राहिल्या, मी लिहून राहिली. आमच्याकडं ज्वारी मोडली, सारं सोयाबीन अन् पराटी. सासूबाईंनी माहेरची टपोऱ्या पांढऱ्या दाण्याची ज्वारी धुऱ्यावर दोन तास (ओळी) लावून जिती ठेवली होती. बियाणं मडक्यात, राखेत. वावरभर लावायचं कायम पुढच्या साली. एक दिवस किराणा दुकानात किलोभर ज्वारी मापून घेताना म्हणे त्यांना रडू आलं. त्याच मृगात अर्धा एकर टाकली.

दाणा दुधात आला अन् साऱ्या शिवाराची पाखरं आमच्याच वावरात. दुसरीकडं ज्वारी नाहीच, तर ती जातील कुठं? सासूबाई सकाळपासून माळ्यावर, हातात गोफण. मी खाली तेलाचा डबा बडवायची. घसा बसला, हाताला फोड आले. निघालं किती? दोन गंज (पातेली) भरून. नवरा म्हणाला, बस झालं.

दुसऱ्या साली त्या तीन घरी गेल्या. "बियाणं मी देतो, फक्त धुऱ्याला धुरा लागून लावा." चार वावरं झाली. पाखरं तेवढीच, पण वाटून खाल्लं त्यांनी. घरी सहा पोती आली अन् कडबा वेगळा.

अर्ध्या एकराचा धनी

वहिनी, दोन किलो बियाणं भेटन काय? पैसे पाठवतो.

सूनबाई

सासूबाई म्हणतात, पैसे नका पाठवू. सवाईनं वापस करा, अडीच किलो. अन् एकटे नका लावू. त्यातलं किलोभर शेजारच्या वावरवाल्याले द्या.