जीन : दारू, फासा, यंत्र की आवार?

प्रश्न : माझं माहेर धरणगावकडचं, घरी कापूस. मुलीच्या शब्दकोशात 'जिन' या इंग्रजी शब्दाचा पहिलाच अर्थ 'एक प्रकारची दारू' असा निघाला. तिने विचारलं, मग आजोबा कापूस घेऊन जिनात का जातात? मला नीट सांगता आलं नाही. शब्द एकच आहे का?

उत्तर : ताई, शब्द दोन आहेत. दिसायला सारखे, पण घराणी वेगळी.

दारूची जिन डच भाषेतून आली. 'जेनेव्हर' म्हणजे जुनिपर नावाच्या झुडपाची बोरं घालून काढलेली दारू. मूळ लॅटिन 'जुनिपेरुस'. इंग्रजांनी तिचं 'जिनिव्हा' केलं आणि मग कापून 'जिन'. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहराशी तिचा काही संबंध नाही. पत्त्यांतला जिन रमी याच बाजूचा.

आपली जीन, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी काढायचं यंत्र, 'इंजिन'मधून आली आहे. लॅटिन 'इंगेनियुम' म्हणजे उपजत बुद्धी. त्यावरून बुद्धीने काढलेली युक्ती, आणि पुढे त्या युक्तीतून बनलेली वस्तू. जुन्या फ्रेंचमध्ये तिचं 'आंजां' झालं, इंग्रजांनी सुरुवातीचं अक्षर गाळून 'जिन' केलं. इंजिनिअरही याच घरातला. युक्ती म्हटली की फसवणूकही आलीच, म्हणून इंग्रजीत जनावर पकडायच्या फाशालाही 'जिन' म्हणतात. 1611 च्या इंग्रजी बायबलात 'त्यांनी माझ्यासाठी जिन लावले' अशा अर्थाचं वाक्य आहे, ते या फाशांचं.

कापसाची जीन म्हटलं की अमेरिकेच्या एली व्हिटनीचं नाव येतं. त्याचं पेटंट 1794 चं. पण सरकी काढायची दोन रुळांची चरखी आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून हाताने फिरत होती. अमेरिकेतल्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला, म्हणजे धाग्यांना, घट्ट धरून बसते, तिच्यापुढे चरखी हरली. व्हिटनीने तारेच्या दातांचा रूळ बारीक फटींतून फिरवला. रुई ओढली गेली, सरकी मागे राहिली. त्या यंत्राने तिकडे कापूस वाढला आणि कापसापायी गुलामगिरीही वाढली, हे विसरू नये. पुढे 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, मुंबईत भाव भडकले आणि खानदेशाची काळी जमीन पऱ्हाटीखाली गेली.

माझे वडील जिनात फिटर होते. आपल्याकडच्या जिनात दाते नसतात, चामड्याचे रूळ असतात. रूळ फिरताना रुई चामड्याला चिकटून पात्याखाली ओढली जाते, सरकी पात्याला अडते आणि दुसरं हलतं पातं तिला ठोकून खाली पाडतं. रूळ गुळगुळीत झाला की रुई धरत नाही, मग त्यावर नव्याने खाचा पाडायच्या. वडील रुळावर नुसता अंगठा फिरवून सांगत, आता खाचा पाडायला झाल्या. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर पांढरी लव बसलेली असे. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 36 किलो रुई निघते, त्याला उतारा म्हणतात. उतारा घसरला की मालक आधी फिटरला हाक मारी.

आणि मुलीला हेही सांगा, की इंग्रजीत जिन हे मुळात यंत्र आहे, आपल्याकडे जीन म्हणजे अख्खं आवार : काटा, कापसाचे ढीग, सरकीची खोली, गाठी बांधायचा प्रेस, सगळं. आमच्या खानदेशी अहिराणीत शेतकरी 'जिनमा कापूस टाकी उनू' (जिनात कापूस टाकून आलो) म्हणतो तेव्हा कोणाच्या डोळ्यांपुढे यंत्र येत नाही, फाटक येतं. अमेरिकेतल्या कापूस मुलखातही शब्द असाच यंत्रावरून जागेवर सरकला आहे. मराठी शब्दकोशात 'जीन : सरकी काढायचा कारखाना' ही नोंद आलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. हजारो घरांची चूल ज्या शब्दावर पेटली, तो परका धरून चालणार नाही.

प्रश्न : दादा, घोड्यावरचं जीन, जिन्न आणि जीन्सची पँट? ती कोणत्या घरातली?

उत्तर : तिघंही परकी. खोगीर या अर्थाचं जीन फारसी, जिन्न अरबी आणि जीन्स इटलीतल्या जेनोवा शहराच्या फ्रेंच नावावरून.

पण एक जीन नात्यातली आहे, ती म्हणजे जनुकाची. हा शब्द डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ योहानसेन यांनी 1909 मध्ये 'गेन' असा घडवला. ग्रीक 'गेनोस' म्हणजे कूळ. ते 'गेनोस', 'इंगेनियुम'मधला 'गेन' आणि आपल्या जन्म, जननी, जातीतला 'जन्' हे एकाच मुळाचे. 2002 मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याच्या बोंडात मातीतल्या एका जिवाणूची जीन असते, आणि ते बोंड फुटून वेचलं की जातं जिनातच.

प्रश्न : मग लिहायचं कसं, जिन की जीन?

उत्तर : 'मीठ, मिठात' तसंच 'जीन, जिनात'. दारूच्या शब्दाला मात्र सगळे ऱ्हस्वच लिहितात, तसाच राहू द्या. निदान कागदावर दोघींत गल्लत होणार नाही.